हरळीचे कारभारी

ज्या मुलखात रविवारी सकाळी मोकळ्या जागेचा प्रत्येक तुकडा टेनिस बॉलच्या क्रिकेटने व्यापलेला असतो, आणि ज्या विरारच्या एका पोराने, पृथ्वी शॉने, लोकलच्या गर्दीत किटची पिशवी सांभाळीत मुंबईच्या मैदानांची वाट वर्षानुवर्षे तुडवून 2018 साली आपल्या पहिल्याच कसोटीत शतक ठोकले, त्या वसई-विरारच्या वाचकापुढे गोल्फचा विषय काढणे हे थोडेसे धारिष्ट्याचेच काम आहे. हा खेळ साहेबाचा, त्याच्यामागून लष्करी अंमलदारांचा आणि अलीकडे कंपन्यांच्या संचालकांचा, अशी आपली समजूत असते, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु मला येथे खेळणाऱ्यांविषयी फारसे सांगावयाचे नाही. त्यांच्या पायाखालची हिरवळ जे राखतात, पहाटे दव झटकण्यापासून संध्याकाळी पाण्याच्या तोट्या बंद करीपर्यंत ज्यांचा दिवस गवताच्या पात्याकडे पाहण्यात जातो, त्या माळ्यांच्या विद्येविषयी, त्यांच्या बढतीविषयी आणि त्यांच्या बिरादरीविषयी सांगावयाचे आहे. आणि हा विषय मात्र वाडीच्या मातीत हात घालून वाढलेल्या वसईकराला परका वाटू नये.

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या देशात, कलकत्त्यास, 1829 साली स्थापन झाला, आणि त्यानंतर तेरा वर्षांनी, 1842 मध्ये, मुंबईतही एक क्लब निघाला. तो मुंबईचा जुना क्लब कालौघात नामशेष झाला. पण गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा, गोऱ्यांबरोबर हिंदी सभासदांसही दार उघडणारा क्लब, 1927 साली चेंबूरला उभा राहिलेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, कुलाब्याच्या टोकाचे लष्कराचे मैदान, पुण्यास येरवड्याकडचे मैदान आणि आपल्या डोळ्यांदेखत सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी तयार केलेले मैदान, अशी ही परंपरा आपल्या आसपास अखंड चालू आहे. प्रत्येक ठिकाणी सभासदांची नावे फळ्यांवर सुवर्णाक्षरांनी कोरलेली सापडतात. ज्यांनी त्या मैदानांची माती चाळली, त्यांची नावे सापडलीच तर जुन्या हजेरीपटांत सापडावयाची.

या माळ्यांचे काम नेमके काय, हे समजल्यावाचून पुढचे म्हणणे नीट ध्यानात येणार नाही. अठरा होलचे मैदान म्हणजे साधारणपणे 100 ते 200 एकर जमीन. तिच्यात जेथून पहिला टोला हाणावयाचा तो 'टी', मधला लांबट पट्टा तो 'फेअरवे', त्याच्या दोहों बाजूंस मुद्दाम वाढू दिलेले गवत तो 'रफ', आणि शेवटी जेथे सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात चेंडू घालावयाचा ते 'ग्रीन'. या प्रत्येक ठिकाणच्या गवताची उंची निराळी. फेअरवेवर ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चालते; ग्रीनवर मात्र पाते अवघे तीन ते चार मिलिमीटर राखावे लागते, म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर त्यांच्या उंचीशी ते बरोबरी करील न करील. इतक्या जवळून रोज कापलेले गवत जिवंत ठेवणे हीच मुळात निसर्गाशी केलेली आगळीक आहे. पान जितके आखूड, तितके त्याचे मूळ उथळ. मूळ उथळ झाले की तहान वाढते, रोग वाढतो, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी दोन तास पाणी चुकले तर महिन्याभराच्या मेहनतीचा तांबूस डाग होऊन बसतो. होलची जागासुद्धा नेहमी बदलावी लागते, कारण एकाच ठिकाणी पावले पडून गवत मरते. आणि ती नवी जागा उताराचा, वाऱ्याचा व कालच्या पावसाचा विचार करून निवडणे हे माळ्याच्या अनुभवावरच सोपविलेले असते.

हे गवत कापण्याचे रुळाचे यंत्र 1830 साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने बनविले, आणि त्याला ती कल्पना कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू समान छाटणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. तोवर हिरवळ विळ्यांनी किंवा मेंढ्यांच्या दातांनी कापली जाई. ग्रीनच्या खालची रचना त्याहूनही विचारपूर्वक केलेली असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 साली जो नमुना प्रसिद्ध केला, आणि जो आज जगभर प्रमाण मानला जातो, त्यात तळाशी निचऱ्याचे नळ, त्यावर सुमारे दहा सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर तीस सेंटिमीटर निवडक वाळूचा थर असतो. पाणी पुरेसे धरून ठेवावे आणि जास्तीचे तत्काळ सोडून द्यावे, ही परस्परविरोधी अपेक्षा त्या वाळूच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. आमच्या कोकणपट्टीत, जेथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे ठणठणीत राहते, तेथे या निचऱ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना पाण्याला वाट न ठेवल्याचे परिणाम ठाऊक आहेत.

आता गवताविषयी. मराठी वाचकाला थोडे आश्चर्य वाटेल, पण उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवरचे जगन्मान्य गवत, ज्याला साहेब 'बर्म्युडा' म्हणतो, ते आपल्या परसातली हरळीच आहे. गणपतीला एकवीस जुड्या वाहतात ती दूर्वा आणि देशावरच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या नांगराने, कुदळीने, प्रसंगी कर्ज काढून खणून काढलेला तो शेताचा हाडवैरी, या दोन्ही एकाच वनस्पतीच्या अवस्था आहेत. काळ्या जमिनीतल्या शेतकऱ्याला जिने हैराण केले, तिलाच मैदानावरचा माळी लेकरासारखी जपतो. लव्हाळा मात्र दोघांचाही शत्रू. आणि हुमणी, लष्करी अळी, श्रावणातल्या दमट उष्म्यात रातोरात पसरणारी बुरशी, हे सगळे दोघांच्याही दारचे नको असलेले पाहुणे.

या हरळीच्या सुधारित जातींची हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात टिफ्टन नावाच्या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपली हरळी आणि आफ्रिकेतील तिची एक नाजूक पानांची बहीण यांचा संकर करून मैदानी गवताच्या जाती तयार केल्या. त्यांतल्या एका जातीच्या ग्रीनवर जागोजाग जी बुटकी ठिगळे आपोआप उगवलेली दिसली, ती निवडून 1965 साली 'टिफड्वार्फ' ही जात प्रसृत झाली, आणि हिंदुस्थानातील अनेक ग्रीन पुढे तिने झाकले गेले. योगायोग असा, की त्याच बर्टनने टिफ्टनलाच घडविलेल्या बाजरीच्या एका वंध्य-नर वाणाचा उपयोग करून, त्याच 1965 साली, लुधियानाचे दिलबागसिंग अठवाल यांनी एचबी-1 ही संकरित बाजरी आपल्या शेतकऱ्यांच्या हाती दिली. एकाच माणसाच्या शेतावरून एक गवत धनिकांच्या खेळाला आणि दुसरे धान्य गरिबाच्या भाकरीला मिळाले. गोल्फचे गवत म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असे म्हणून ज्यांना हा विषय झटकून टाकावयाचा असेल, त्यांनी ही हकिगत एकवार विचारात घ्यावी.

टिफड्वार्फला बी धरत नाही. कांड्या लावूनच तिची लागवड करावी लागते. वसईच्या वाडीवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ज्या राजेळी केळीची सुकेळी करून त्याने आपल्या गावाचे नाव सर्वत्र केले, तिचाही वंश बियांवर नव्हे, मुनव्यांवर चालतो. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास या पट्ट्यात फिरताना जे दिसे, आणि अजूनही कोठे कोठे दिसते, ते म्हणजे रेताड जमीन, तिच्यात हातभर अंतरावर वेगवेगळी पिके, पानवेलीचे मांडव, सोनचाफा, मोगरा, आणि या सगळ्यांना पाणी पुरविणारी विहीर व तिच्यावरचा रहाट. वाडीच्या एका अंगाला बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, उन्हाळ्यापर्यंत पुरे आणि मुरत मुरत विहिरीचे पाणी गोडे राखी. खाऱ्या वाऱ्याशी, खाजणाच्या शेजाराशी आणि वाळूतून झिरपून जाणाऱ्या पाण्याशी जन्मभर वाटाघाटी करण्याची ही जी विद्या आहे, तिचे शास्त्रीय नाव काहीही असो, गोल्फच्या मैदानावरचा अधीक्षक तीच विद्या पाठ्यपुस्तकातून शिकत असतो. वाळूचा कण, क्षाराचे प्रमाण, निचरा, साठवण, छाटणी, सावलीचा हिशेब, यांतले काहीच त्याच्या पुस्तकात असे नाही जे येथल्या वाडीत कोणाला तरी हाताने अवगत नव्हते.

मग अडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दोन मुलांची गोष्ट सांगतो.

2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स ही युरोपीय दौऱ्यातील स्पर्धा झाली आणि ती एस. एस. पी. चौरसिया या कलकत्त्याच्या खेळाडूने जिंकली. पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही त्यानेच जिंकली. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीच्या देखभालीस होते, आणि मुलगा त्याच आवारात लहानाचा मोठा होऊन पाहून पाहून खेळ शिकला. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. आर्नोल्ड पामर हा गेल्या शतकातला अत्यंत लोकप्रिय गोल्फपटू पेनसिल्व्हेनियातील लॅट्रोब क्लबाच्या मैदानरक्षकाचा मुलगा. ज्या क्लबात बाप चाकरी करी, तो सबंध क्लबच मुलाने 1971 साली विकत घेतला. अशा गोष्टी वर्तमानपत्रांना आवडतात, वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. तरीही या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, आणि ती मला बोचते: घराणे वर आले ते मुलाने बापाचा व्यवसाय सोडून खेळाडूचा धरला म्हणून. माळ्याने माळी राहूनच वर जावे, त्याच्या ज्ञानाला हुद्दा, मुशाहिरा आणि मान मिळावा, ही वाट या कथांत नाही. चौरसियाच्या वडिलांच्या हातची हिरवळ ज्यांना आठवते असे सभासद कलकत्त्यात असतीलही. त्या हाताचे कसब शिकून घेण्यासाठी त्यांच्याकडे उमेदवारी करावयास कोणी गेले होते काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

ही वाट मुळातच नसते असे मात्र नाही. ती ज्यांना हवी होती त्यांनी बांधून काढली. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस, ज्याला लोक 'ओल्ड टॉम' म्हणत, याने 1861 पासून 1867 पर्यंत चार वेळा ओपन स्पर्धा जिंकली होती, पण व्यवसायाने तो होता मैदानरक्षक. आणि 1860 नंतरच्या दशकात वर्षाला 50 पौंड तनख्यावर गावाने त्याला परत बोलावून घेतले ते हिरवळीसाठी. हिरवळीवर वाळूचा पातळ थर पुनःपुन्हा पसरण्याची जी पद्धत आजही जगभर चालते, ती त्यानेच रूढ केली. म्हातारा वाळू, आणखी वाळू, एवढेच म्हणत असे, अशी त्याची ख्याती होती. रविवारी मैदानाला विश्रांती हवी, म्हणून खेळ बंद राहावा असा त्याचा आग्रह असे, आणि त्यापुढे गावातले भलेभले गप्प बसत.

पण एका माणसाचा दरारा म्हणजे बिरादरी नव्हे. ती घडली अमेरिकेत. 13 सप्टेंबर 1926 रोजी ओहायो संस्थानातील टोलेडो शहराजवळच्या एका क्लबात साठ मैदानरक्षक जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. यंगस्टाउनच्या मैदानाचे रक्षक कर्नल जॉन मॉर्ली तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या काळी एका क्लबाचा मैदानरक्षक दुसऱ्याला आपले खत कोणते आणि बुरशीवर औषध कोणते हे सांगत नसे. ती त्याची खाजगी मिळकत होती. संघटनेने पहिल्या वर्षातच मासिक काढले, आणि त्यात हे लोक आपले यशापयश एकमेकांस उघड सांगू लागले. 1927 सालीच मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात लॉरेन्स डिकिन्सन या अध्यापकाने मैदानरक्षकांसाठी हिवाळी वर्ग उघडला. बर्फाखाली मैदान झोपलेले असताना काम करणाऱ्या माणसाने दहा आठवडे शाळेत बसावे, हा त्यातला हेतू. याचे फळ काय झाले? जो मनुष्य क्लबाच्या मागल्या दाराने येत असे, तो काही दशकांत शास्त्रज्ञाच्या बरोबरीने बसू लागला आणि मैदानाच्या अंदाजपत्रकावर त्याची सही लागू लागली. ज्ञान वाटल्याने त्याची किंमत उतरली नाही. ते मोजता येऊ लागल्यामुळे उलट चढली.

आपल्याकडे गोल्फ मैदानांच्या अधीक्षकांची व व्यवस्थापकांची अखिल भारतीय संघटना आहे, आणि तिचे अस्तित्व स्वागतार्हच आहे. परंतु अधीक्षक हा जिन्याचा वरचा भाग झाला. खालच्या पायऱ्यांवर माळी असतो, त्याच्यावर मुकादम, मुकादमावर सुपरवायझर. आणि पुष्कळ ठिकाणी हे माळीकाम ठेकेदाराकडे सोपविलेले असल्यामुळे ठेका बदलला की वीस वर्षे एका ग्रीनचा स्वभाव ओळखणारा माणूस दुसऱ्या दिवशी कोठल्या तरी इमारतीच्या कुंड्यांना पाणी घालताना दिसतो. त्याच्याबरोबर त्या ग्रीनची सगळी बखर जाते: कोठे पाणी तुंबते, कोठे निचऱ्याचा नळ फुटलेला आहे, कोणत्या कोपऱ्यात भाद्रपदात बुरशी प्रथम दिसते. ही बखर दप्तरी कोणी लिहून ठेवलेली नसते, कारण लिहिणे हे माळ्याचे काम नव्हे असा आपला शिरस्ता. राज्यातील कृषी विद्यापीठे माळी-प्रशिक्षणाचे वर्ग चालवितात, डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. म्हणजे शिकविणारे नाहीत अशातला भाग नाही. शिकून आलेल्या माणसाला अधिक वेतन देण्याचे बंधन मात्र कोणावर नाही, आणि जोवर ते नाही तोवर सनद ही भिंतीवर टांगण्याचीच वस्तू राहणार.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या शहराला सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांकडे डोळे लावून बसावे लागते, ज्या गावांनी टँकरवाल्यांच्या उपशामुळे आपल्या विहिरी खारट होताना पाहिल्या, तेथे गोल्फच्या मैदानाची भलामण कोणी करावी? मी ती करीत नाही. वसईत असे मैदान व्हावे असे मला मुळीच वाटत नाही; झालेच तर ते सांडपाणी शुद्ध करून, खारे पाणी सोसणारे पास्पालम जातीचे गवत लावून आणि बावखले शाबूत ठेवूनच व्हावे, अन्यथा होऊ नये. पण क्रिकेटची मैदाने, शाळा-महाविद्यालयांची पटांगणे, महापालिकेच्या बागा, मोठ्या गृहसंकुलांतली हिरवळ, हे सारे आज वसई-विरारमध्ये आहे आणि वाढते आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी तोच माळी, त्याच अडचणी घेऊन, एकटा उभा आहे. शेजारच्या संकुलातला माळी हुमणीवर काय करतो, हे त्याला ठाऊक नसते.

आणि एकत्र येण्याची विद्या तर या भूमीला कोणी शिकवावी लागलेली नाही. टोलेडोच्या त्या सभेच्या आठ वर्षे आधी, 1918 साली, मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने येथल्या कॅथॉलिक समाजाने आपली सहकारी पतसंस्था उभारली, आणि तीच आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून नांदते आहे. पुढे 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, वसईचा हरित पट्टा बांधकामाखाली जाणार असे दिसताच, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या लेखक-धर्मगुरूच्या बरोबरीने वाडीवाले, शिक्षक आणि स्त्रिया हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने रस्त्यावर उतरल्या. हिरवळ वाचविण्यासाठी जो समाज एकत्र येऊ शकतो, त्याला हिरवळ राखणाऱ्यांसाठी एकत्र येणे अवघड नसावे. आजवर तसे झाले नाही याचे कारण, माझ्या मते, इतकेच की वाडी स्वतःची असते आणि माळीकाम दुसऱ्याचे, आणि दुसऱ्याच्या जमिनीवरच्या कसबाला आपण मनातून विद्या मानीत नाही.

पुष्कळ क्लबांतून आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, देखभालीसाठी खेळ बंद असतो. वसई-विरारमधल्या मैदानांच्या, बागांच्या आणि गृहसंकुलांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे, की महिन्यातून एका सोमवारी आपापल्या माळ्यांस भरपगारी सुट्टी देऊन एकमेकांच्या मैदानावर पाठवावे, कोसबाडच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या एखाद्या जाणकारास बोलवावे, आणि त्या दिवशी माळ्यांनी जे सांगितले ते एका वहीत लिहून ठेवण्यासाठी एखादा कॉलेजचा विद्यार्थी तेथे बसवावा. खर्च जाण्यायेण्याच्या भाड्याचा आणि चहाचा. पुढच्या वर्षी ठेक्याची कबुलायत लिहिताना, ठेकेदार बदलला तरी मैदानावरचा माळी बदलू नये आणि शिकलेल्या माळ्यास न शिकलेल्यापेक्षा अधिक वेतन द्यावे, अशी दोन कलमे तीत घालून घ्यावीत.